गोठ्यातील जनावरांचे हावभाव कसे ओळखावेत

जनावर दवाखान्यात आणले म्हणजे पशुवैद्यकाचा पहिला प्रश्न असतो, "केव्हापासून आजारी आहे?" आणि बहुधा उत्तर मिळते, "कालपासून वैरण सोडली." वैरण सोडणे हेच आजाराचे पहिले लक्षण होय, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुष्कळ दुखण्यांत ते बरेच उशिराचे लक्षण असते. त्यापूर्वी एक दिवस, दोन दिवस, कधी कधी आठवडाभर ते जनावर कानांनी, शेपटीने, पाठीच्या ठेवणीने आणि उठण्याबसण्याच्या रीतीने आपली अवस्था सांगत असते. गोठ्यात रोज वावरणाऱ्या माणसाने ती पाहिलेलीही असते, फक्त तिचा अर्थ लावलेला नसतो.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सारी मूळची हिंस्र पशूंचे भक्ष्य होणारी जनावरे आहेत. रानातील कळपात जे लंगडले किंवा मागे रेंगाळले त्याच्यावर वाघाची, लांडग्याची नजर प्रथम जाते. म्हणून दुखणे होईल तितके झाकून ठेवणे हा या जनावरांचा जन्मजात स्वभाव बनला आहे. कुत्र्याच्या पायात काटा मोडला तर ते केकाटून सारी आळी जागी करते. बैलाच्या खुरात खिळा रुतला तर तो केवळ पायावरचा भार थोडा कमी करतो. हा थोडासा फरक ओळखावयाचा तर त्या बैलाची नेहमीची उभे राहण्याची रीत आपणांस ठाऊक असली पाहिजे. सबब या विद्येचा आरंभ आजारी जनावरापासून न करता निरोगी जनावरापासून करावा.

निरोगी गाय दिवसाच्या चोवीस तासांपैकी निम्मा काळ, क्वचित त्याहूनही अधिक, बसून काढते. सहा ते आठ तास ती रवंथ करते, आणि त्यातील बराचसा भाग रात्री असतो. वैरण खाऊन झाल्यावर तिला स्वस्थ बसू द्यावे आणि जवळच बैठक मारून पाहावे. गळ्यातून घास वर येताना स्पष्ट दिसतो. तो ती सुमारे चाळीस ते साठ वेळा चावते, गिळते, चार-पाच सेकंद थांबते आणि पुढचा घास वर आणते. हे चावणे संथ आणि एकसारखे असते. डोळे अर्धवट मिटलेले, कान सैल आणि नाकपुडीवर दवासारखे थेंब दिसतात. उठताना गाय प्रथम मागचा भाग उचलते, क्षणभर गुडघ्यांवर राहते आणि मग पुढचे पाय सरळ करते. उठल्यावर ती पाठ ताणून आळस देते. हा आळस फार बोलका आहे. ज्या जनावराने उठून आळस दिला आणि मग शेण टाकले त्याची त्या दिवशी फारशी काळजी करावयास नको. उलट एखादे जनावर घोड्याप्रमाणे पुढचे पाय आधी टेकून उठू लागले तर त्याचे खूर, सांधे किंवा पोट यांपैकी काही तरी दुखत असल्याचा संशय घ्यावा.

सावलीत, थंड वेळी उभ्या असलेल्या मोठ्या जनावराचा श्वास मिनिटास पंधरा ते तीस इतका असतो. मागे जरा दूर उभे राहून कुशीची हालचाल मोजल्यास तो कळतो, जनावरास हात लावावा लागत नाही. गुदद्वारात तापमापक ठेवून घेतलेला ताप साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट भरतो. कानाच्या मुळाशी हात लावून ताप पाहण्याची आपली जुनी रीत अगदीच टाकाऊ नाही, परंतु उन्हात बांधलेल्या जनावराच्या बाबतीत ती फसवते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून माणदेशात नव्याने रुजू झालो होतो. एका गावी सहा वर्षांचा खिल्लार बैल दाखविण्यासाठी बोलावणे आले. मालकाची तक्रार अशी की बैल नाठाळ झाला आहे. गाडी सपाटीला आणि चढाला नीट ओढतो, पण ओढ्याचा उतार आला की पाय रोवून उभा राहतो आणि चाबूक मारला तर कण्हतो. खिल्लार जात मुळातच तापट आणि संवेदनशील, त्यामुळे मलाही मालकाचे म्हणणे पटले. पोट किंचित जड वाटत होते. अपचन झाले असावे असे ठरवून मी पाचक चूर्ण दिले आणि निघालो. दारात बसलेली मालकाची म्हातारी आई म्हणाली, "डाक्टर, आठ दिस झालं, बैल अंग टाकून बसंना. उभाच ऱ्हातुय. आन् पुढचं पाय बघा की कसं फाकून ठेवतुय." मी मान डोलावली आणि सायकलवर बसलो.

तीन आठवड्यांनी त्याच गावी गेलो तेव्हा बैलाच्या उरावर आणि गळ्याखाली मऊ सूज उतरली होती आणि मानेची शीर दोरखंडासारखी फुगली होती. दोनच दिवसांत तो गेला. शवविच्छेदनात जाळीपोटातून पुढे घुसलेला, सुमारे तीन इंच लांबीचा तारेचा तुकडा हृदयाच्या आवरणात सापडला. मालकाच्या घरी त्या उन्हाळ्यात नव्या खोलीची स्लॅब पडली होती. सळया बांधावयाच्या तारेचे तुकडे अंगणात पडले होते आणि त्याच अंगणात कडब्याची गंज होती.

मोठी जनावरे जिभेने घास ओढतात आणि पुरते न चावताच गिळतात. त्यामुळे तार, खिळा, सुई वैरणीबरोबर सहज आत जाते. जड असल्यामुळे ती जाळीपोटात तळाशी बसते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये केवळ पडदा आणि काही बोटांचे अंतर असते. पोट आकुंचन पावते तशी तार पुढे सरकते. उतारावर पोटातील सारा भार पुढे येतो म्हणून वेदना वाढते. तो बैल जे करीत होता त्यातील एकही गोष्ट नाठाळपणाची नव्हती. कोपरे बाहेर काढून छातीवरचा ताण कमी करणे, बसण्याचे टाळणे, उतार नाकारणे, पाठ कमानीसारखी वर ठेवणे हे सारे वर्णन म्हातारीने मला दिले होते. अशा जनावराच्या वशिंडामागील पाठीची कातडी चिमटीत धरून दाबली तर ते पाठ ताठ ठेवते आणि कण्हते, निरोगी जनावर मात्र पाठ खाली वाकविते. त्या वेळी दवाखान्यात पाठविले असते तर पोट उघडून तार काढता येण्याची आशा होती. उरावर सूज आल्यानंतर ती सहसा उरत नाही. बांधकाम चालू असेल तेथे वैरण ठेवू नये, आणि कडब्याच्या जागेवरून दोरीस बांधलेले लोहचुंबक फिरवावे. हा उपाय चार पैशांचा आहे.

जनावर "अडले", "नाठाळ झाले", "मारके झाले" असे शब्द आपण फार लवकर वापरतो. काल चांगले असलेले जनावर आज अडू लागले तर प्रथम खांदा, खूर, वेसणीची जागा आणि पोट पाहावे. जू ठेवताना मान मागे घेणारा बैल पुष्कळदा सुजलेल्या खांद्याविषयी बोलत असतो.

पोटदुखीची खूण याहून उघड असते. जनावर वारंवार उठबस करते, मागच्या पायाने पोटावर लाथ मारते, मान वळवून कुशीकडे पाहते. डावी भकाळी फुगून ढोलासारखी वाजू लागली, जनावर पाय फाकवून, मान ताणून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागले तर ती पोटफुगी होय. कोवळा लसूणघास किंवा ओला हिरवा चारा अति खाल्ल्याने ती होते आणि तासा-दोन तासांत प्राण घेऊ शकते. पुढचा भाग उंचावर राहील असे जनावर उभे करावे आणि पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

मान कुशीकडे वळविण्याच्या आणखी एका प्रकाराबद्दल विशेष सावध राहावे. भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत बसकण मारते, मान वळवून डोके कुशीवर टेकविते, कान व पाय थंड लागतात. पोटदुखीतील जनावर अस्वस्थ असते, हे मात्र झोपल्यासारखे स्वस्थ दिसते आणि घरच्यांस वाटते की थकली असेल, विसावा घेते आहे. हा दुग्धज्वर होय. नाव ज्वर असले तरी यात अंग थंड पडते. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने स्नायू लुळे पडतात. पशुवैद्यकाने शिरेतून कॅल्शियम दिल्यावर तीच गाय काही वेळात उठून उभी राहते, आणि ते पाहणे हा या धंद्यातील थोड्या निखळ आनंदांपैकी एक आहे. परंतु तोवर तिच्या तोंडात गूळपाणी, तेल किंवा काढा ओतू नये. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्याने ते फुप्फुसात जाते.

आता ज्या चुकीमुळे माणसाचा जीव जातो तिच्याकडे वळतो. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, ते काही गिळू शकत नाही, मान ताणते. घशात कणीस किंवा उसाचे कांडे अडकले असेल असे समजून कोणी तरी धीट मनुष्य कोपरापर्यंत हात आत घालतो. लाळ गळण्याची कारणे अनेक आहेत. लाळ्या-खुरकूत रोगात तोंडात फोड येतात, जनावर मचमच आवाज करते आणि पाय झटकते. घटसर्पात घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि ताप जबर असतो. तथापि लाळेबरोबर आवाज बदलला असेल, म्हणजे हंबरणे घोगरे, लांबट आणि विनाकारण वारंवार होत असेल, नजर रोखलेली असेल, जनावर दावे, गव्हाण किंवा माणसे यांवर धावत असेल किंवा मागील पाय लटपटत असतील, तर पिसाळ रोगाचा संशय आधी घ्यावा. कुत्रा चावल्याचे कोणास ठाऊक नसले तरी हा संशय सोडू नये, कारण चाव्यानंतर आठवडे किंवा महिने लोटल्यावर लक्षणे दिसतात. लक्षणे दिसल्यावर उपाय नाही. जनावर बहुधा आठ-दहा दिवसांत मरते. त्याच्या तोंडात हात घालू नये, त्याचे दूध वापरू नये. ज्यांच्या हातास लाळ लागली असेल त्यांनी साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे हात धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घेण्यास जावे. घरातील बायामाणसे वैरण-पाणी करतात, त्यांना हे आवर्जून सांगावे. ग्रामसभेत सांगितलेले त्यांच्या कानी जातेच असे नाही.

भीतीची भाषा दुखण्याच्या भाषेपेक्षा निराळी आहे. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे तिला मान न वळविता जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, फक्त थेट पाठीमागचे दिसत नाही. तेथून एकाएकी गेलेल्या माणसास ती लाथ मारते, त्यात द्वेष नसतो. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. तिचे कान माणसाहून तीक्ष्ण आहेत. माणसास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईस सुमारे ३५,००० पर्यंतचा. आपल्याला क्षुल्लक वाटणारा बादलीचा खणखणाट तिला कर्कश वाटतो. घाबरलेले जनावर डोके उंच धरते, डोळ्यातील पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट पायांत दाबते आणि पुन्हा पुन्हा थोडे थोडे शेण टाकते. उन्हातून अंधाऱ्या गोठ्यात शिरताना किंवा वाटेवरील सावलीच्या पट्ट्यापाशी ते थबकते. तेव्हा कासरा न ओढता त्याला खाली मान घालून हुंगू द्यावे. अर्ध्या मिनिटात ते आपण होऊन पुढे जाते.

म्हैस दूध चोरते असे आपण म्हणतो. कासेस हात लागला किंवा रेडकू जवळ आले म्हणजे मेंदूतून एक द्रव्य रक्तात सुटते, मिनिटभरात पान्हा येतो आणि तो पाच ते आठ मिनिटेच टिकतो. याच वेळी नवा माणूस, परके कुत्रे किंवा आरडाओरडा यांनी ती दचकली तर या द्रव्याचे कार्य थांबते. चोरीचा आरोप ठेवण्यापूर्वी धार काढणाऱ्याने स्वतःचे वागणे तपासावे. पोळीखाली किंवा मानेवर खाजविल्यास जनावर मान लांब करते, कान लोंबते सोडते. धारेपूर्वी हे एक मिनिट खर्च करणारी गवळी मंडळी मी पाहिली आहेत, त्यांच्या म्हशी सहसा पान्हा आखडीत नाहीत.

वळूविषयी मात्र गाफील राहू नये. वळू मान कमानीसारखी करून, डोके खाली घेऊन अंगाची पूर्ण बाजू आपल्यासमोर धरतो तेव्हा तो निघून चालला आहे असे अनेकांस वाटते. तो आपले आकारमान दाखवून धमकी देत असतो. पुढच्या पायाने माती उकरणे ही त्यानंतरची पायरी होय. अशा वेळी पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरावे.

शेतकऱ्याच्या खिशाशी सर्वांत अधिक संबंध असलेली खूण म्हणजे माज. माज दर २१ दिवसांच्या सुमारास येतो आणि एकदा हुकला की तीन आठवड्यांची वैरण फुकट जाते. असे दोन-तीन माज हुकले तर वेताचे अंतर किती लांबते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. गाईच्या बाबतीत ही खूण ढळढळीत असते. ती हंबरते, इतर गाईंवर चढते आणि मुख्य म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली असता निमूट उभी राहते. सोट स्वच्छ, काचेसारखा आणि तारेसारखा लोंबतो. म्हशीचा माज मुका असतो. एकमेकींवर चढणे फारसे दिसत नाही, सोटही कमी, आणि लक्षणे बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे प्रकट होतात. सकाळी आठ वाजता गोठ्यात येणाऱ्या मालकाला म्हैस माजावर येतच नाही असे वाटते. तिची लक्षणे बारीक आहेत. ती वारंवार थोडी थोडी लघवी करते, शेपटीचे मूळ किंचित वर धरते, योनीच्या ओठांवरील सुरकुत्या सुजेने नाहीशा होतात, धारेस ती नेहमीसारखी उभी राहत नाही. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा कंदील किंवा बॅटरी घेऊन बसलेल्या म्हशीच्या मागील जमिनीवर पाहावे, सोट तेथे सापडतो. सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. भिंतीवर कोळशाने तारीख लिहून ठेवणारे एक कुटुंब मला माहीत आहे. त्यांच्याकडे वही नाही, पण एकही माज हुकत नाही.

शेळ्यामेंढ्यांत कळपापासून अलग, मान खाली घालून उभी असलेली शेळी प्रथम पाहावी. विनाकारण दात खात असेल तर तिला वेदना होत आहेत. माजावरची शेळी शेपूट सारखी हलविते. कोंबडीच्या पिलांची भाषा सर्वांत सोपी आहे. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवतात तेव्हा त्यांना थंडी वाजते, दिव्यापासून कडेला पळून पंख पसरतात तेव्हा उष्मा होतो, आणि सर्वत्र सारखी पसरून टिपत राहिली म्हणजे ऊब बरोबर आहे.

२०२२ साली राज्यात लंपी चर्मरोगाची मोठी साथ आली. अंगावर गाठी उठल्यावर तो रोग कोणासही ओळखता येत होता. परंतु गाठींपूर्वी ताप असे, डोळ्यांतून पाणी गळे आणि जनावर मलूल होई. त्या टप्प्यावर जनावर वेगळे बांधले तर शेजारच्या जनावरांचा धोका कमी होतो.

पशुवैद्यकास बोलावताना किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करताना "जनावर आजारी आहे" एवढेच सांगू नये. ते शेवटचे रवंथ करताना केव्हा दिसले, कसे उठते व बसते, बसत नसल्यास किती दिवसांपासून, पाठ आणि कोपरे कशी ठेवते, आवाज बदलला आहे काय, शेण व लघवी केव्हा झाली, गाभण असल्यास कितवा महिना आणि व्याली असल्यास किती दिवस झाले, इतके सांगावे. ही उत्तरे घरात ज्याला ठाऊक असतील त्याच्याच हाती दूरध्वनी द्यावा. बहुधा ती म्हातारी आई किंवा शाळेत जाण्यापूर्वी गोठा झाडणारी मुलगी असते.